हेवीवेट बॉक्सिंग: कोकणातल्या पोरांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

दर जूनला शाळा सुरू झाल्या की हेच प्रश्न आम्हा बॉक्सिंग शिकवणाऱ्यांना फोनवर, एसटी स्टँडवर, बाजारात मासे घेताना विचारले जातात. उत्तरं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पोरं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, आणि तीही फक्त जड वजनाच्या पोरांची. पन्नास किलोच्या पोराचं गणित निराळं असतं.

प्र. मुलगा 17 वर्षांचा, वजन 96 किलो. म्हणजे तो हेवीवेटच ना?

वजनकाट्यावर, हो. पण उंची किती? पाच फूट सहा इंच असेल तर त्यातलं बरंचसं पोटावर आहे. वर्षभर नीट सराव केला की असा पोरगा बहुतेक वेळा 80 च्या आसपास येऊन थांबतो, आणि तेच त्याचं खरं वजन. पोट घेऊन वरच्या गटात राहिला तर समोर सव्वासहा फुटी पोरगा उभा राहतो. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, याच्या नाकावर पोचतो तेव्हा याचा हात निम्म्या वाटेतच असतो. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकचा सुपर हेवीवेट विजेता, उझबेकिस्तानचा बाखोदिर जलोलोव, दोन मीटरहून उंच आहे.

गटांबद्दल: वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2025 पासून पुरुषांचे गट दर पाच किलोंना आखले आहेत. 85 ते 90 हेवी, 90 च्या वर सुपर हेवी. घरात काकाचं जुनं प्रमाणपत्र असेल तर त्यावर 91 दिसेल, मधल्या काही वर्षांच्या प्रमाणपत्रांवर 92. त्याही आधी, 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकपर्यंत, 81 किलोच्या वरचे सगळे एकाच गटात लढत. शालेय आणि ज्युनिअर गटांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच प्रवेशिका भरा.

प्र. पहिल्याच वर्षी जिल्ह्यात सुवर्णपदक मिळालं. आता राज्याची तयारी कशी करायची?

आधी सांगा, किती लढती झाल्या?

हा प्रश्न उद्धट वाटतो, पण जड वजनात तो विचारावाच लागतो. जिल्हा स्पर्धेत 50-55 किलोच्या गटात पोरांची रांग असते. सर्वांत वरच्या गटात दोन नावं, फार तर तीन. त्यातलं एक वैद्यकीय तपासणीत रक्तदाबामुळे बाद होतं, दुसरं आलेलंच नसतं. मग आपला पोरगा ग्लोव्हज घालून लाल कोपऱ्यात उभा राहतो, माइकवरून प्रतिस्पर्ध्याचं नाव पुकारलं जातं, कुणी येत नाही, आणि रेफरी याचा हात वर करतो. वॉकओव्हर. पदक खरं, प्रमाणपत्रही खरं, पण ठोसा एकही खाल्लेला नाही. तिसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागतो, आणि बॅनरवर वॉकओव्हर असं कुणी लिहीत नाही.

पुढची पायरी विभाग. शालेय स्पर्धांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात, म्हणजे आंबा घाट नाहीतर गगनबावडा चढून वर जायचं. तिथे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची पोरं असतात. त्यातली बरीच लहानपणापासून तालमीत मातीत लोळलेली, मानेने आणि कमरेने मजबूत. आपल्या पोराला त्याच्याच वजनाच्या माणसाने मारलेला आयुष्यातला पहिला ठोसा तिथे बसतो. तो काय करतो ते बघण्यासारखं असतं: डोळे मिटतो, तोंड फिरवतो, दोन्ही हात कानांवर घेऊन वाकतो. ताकद कमी पडली असं घरचे म्हणतात. ताकदीचा प्रश्नच नसतो. मार खाऊन डोळे उघडे ठेवायची सवय लागायला समोर कुणीतरी मारणारा लागतो, आणि तो त्याला गावात मिळालेला नसतो.

आमच्या मते जिल्ह्यात सुवर्ण मिळवायला हेवीवेट हा सगळ्यांत सोपा गट आहे आणि बॉक्सर व्हायला सगळ्यांत अवघड. हे एकदा पटलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप समजतील. पोराची वही ठेवा. लढलेल्या लढती, जिंकलेल्या, हरलेल्या, वॉकओव्हर, असे चार रकाने. पहिल्या दोन वर्षांत 'हरलेल्या' हा रकाना रिकामा असेल तर पोरगा कुठे लढलाच नाही असं समजा.

प्र. मग गावात राहून सराव होणारच नाही का?

निम्मा होतो. दोरीवरच्या उड्या, शॅडो (एकट्याने हवेत ठोसे मारणं), बॅग, पॅड, पळणं यातलं कशालाच मोठं शहर लागत नाही. अडतं ते स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला.

त्यावर चालणारा एक उपाय असा. 60-65 किलोची तीन चपळ पोरं घ्यायची. जड पोराने फक्त डावा जॅब आणि पाय वापरायचे, उजवा हात गालाला चिकटलेला. हलक्या पोरांना सगळं मोकळं. दर राउंडला नवा, ताजा पोरगा आत. जड पोरगा चिडतो, कारण माश्या मारल्यासारखं वाटतं आणि एकही हाताला लागत नाही. पण दोन महिन्यांत त्याचे पाय हलू लागतात. दोघांनाही सोळा औंसाचे ग्लोव्हज द्या, दहाचे नकोत.

उरलेला निम्मा सराव प्रवासात. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई. शनिवारी रात्री तुतारी एक्स्प्रेस पकडली की सकाळी दादर. रविवारी दोन ठिकाणी स्पारिंग करून रात्री परत. मे महिन्याची सुट्टी आंब्याच्या पेट्या भरण्यात जाते हे माहीत आहे, तरी त्यातले पंधरा दिवस सोडवून घ्या. तिथल्या सरांना आधी फोन करा, पोराचं खरं वजन आणि खऱ्या लढती सांगा. जड पोरगा त्यांनाही हवाच असतो, कारण त्यांच्या हेवीवेटलाही जोडीदार मिळत नसतो.

प्र. तो कबड्डी खेळतो. आता 18 वर्षांचा झाला. उशीर झाला का?

हलक्या वजनात झाला असता, इथे नाही. बुलंदशहरच्या सतीश कुमारला कबड्डीचीच ओढ होती. सैन्यात गेल्यावर त्याची उंची बघून प्रशिक्षकांनी त्याला बॉक्सिंगकडे वळवलं, आणि टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरलेला तो भारताचा पहिला सुपर हेवीवेट ठरला. इंग्लंडच्या अँथनी जोशुआने अठराव्या वर्षी सुरुवात करून 2012 ला लंडनमध्ये सुवर्ण घेतलं. अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर विशीत आला आणि 2008 ला बीजिंगमध्ये कांस्य घेऊन गेला. शरीर भरायलाच वेळ लागतो, म्हणून या गटात उशिरा आलेल्यांना जागा असते.

कबड्डीतून आलेल्या पोराचे पाय आणि दम चांगला असतो. खोड एकच, तो पुढे वाकतो. चढाईत वाकणं बरोबर. रिंगमध्ये वाकलेलं डोकं सरळ अपरकटवर, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशावर जातं. पहिले तीन महिने पाठ सरळ करण्यातच जातील.

प्र. समुद्रकिनाऱ्यावर पळणं चांगलं ना?

ओल्या, घट्ट वाळूवर, हो. भुसभुशीत वाळूत 90 किलोचा पोरगा रोज पळाला तर पोटऱ्या आणि टाचेची शीर धरते, आणि मग महिनाभर काहीच नाही. आठवड्यातून दोनदा वाळू, बाकी दिवस डांबरी रस्त्याची कड किंवा शाळेचं मैदान. चढ मात्र सोडू नका. कोकणात त्याची कमी नाही. खालच्या वाडीतून वरच्या देवळापर्यंत सहा-सात वेळा चढायचं, उतरताना चालत.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला जात असेल तर जाऊ द्या. मांड्या, कंबर, पाठ आणि पकड एकाच वेळी लावून ओढायचा असा व्यायाम जिममध्ये पैसे देऊन करावा लागतो. फक्त त्या दिवशी बॅग नको. दोराने सोललेल्या तळव्याची मूठ नीट वळत नाही.

बॅगेचंही सांगतो, कारण प्रत्येक गावात हीच चूक दिसते. फणसाच्या फांदीला पोतं टांगतात आणि त्यात किनाऱ्याची वाळू भरतात. चार दिवसांत वाळू खाली बसते, खालचा भाग दगड होतो, वरचा मऊ राहतो. खारी वाळू हवेतली ओल धरते ती वेगळीच. पोरगा पोटात मारायला जातो आणि मनगट मुरगळून घेतो. जुन्या साड्या, चिंध्या आणि काथ्या थराथराने दाबून भरा, दर हाताला वरून कुटा. वजन कमी वाटलं तर मधोमध एक छोटी वाळूची पिशवी, चारही बाजूंनी कापडात गुंडाळलेली. आणि मुठीला बँडेज बांधल्याशिवाय हात लावायचा नाही: साडेचार मीटरची पट्टी, आधी मनगटाला तीन वेढे, मग गाठींवर, मग बोटांच्या मधून, शेवटी पुन्हा मनगटावर. मूठ वळली की घट्ट, उघडली की सैल वाटली पाहिजे.

प्र. पावसाळ्यात ग्लोव्हजना बुरशी येते. काय करावं?

सराव संपला की लगेच आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाने बदला, आणि ग्लोव्हज तोंड खाली करून टांगा. चुलीच्या वर धुरात टांगू नका, चामडं तडकतं. पंखा पुरतो. पिशवीत बंद करून ठेवलेले ग्लोव्हज दुसऱ्या दिवशी उघडले की आख्खा वर्ग बाहेर जातो. हेडगार्डच्या आतली बाजू डेटॉलच्या पाण्याने पुसा, नाहीतर कपाळावर नायटा उठतो आणि वैद्यकीय तपासणीत डॉक्टर थांबवतात.

प्र. एवढ्या मोठ्या पोराला खायला काय घालायचं? प्रोटीन पावडर लागते का?

कसून सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे साधारण 1.6 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. 90 किलोला म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. मोठा आकडा वाटतो, पण आपल्याकडे तो जमतो. बांगडा, पेडवे, तारली स्वस्त मिळतात तेव्हा दोन्ही वेळा खा. शंभर ग्रॅम मासळीत सुमारे वीस ग्रॅम प्रथिनं. अंड्यात सहा. शंभर ग्रॅम सुक्या कुळथात बावीसच्या घरात, म्हणजे पिठी-भाताला गरिबाचं जेवण म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. नाचणीची भाकरी दुपारी, उकडा भात सरावाच्या आधी दोन-अडीच तास.

अडचण 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंद असते तेव्हा. त्या दोन महिन्यांत सुके बांगडे, सोडे, सुकट असतात, पण त्यात मीठ भरपूर. रात्रभर भिजवून पाणी फेकून द्या, आणि त्यावर भिस्त न ठेवता अंडी, कुळीथ, दूध वाढवा. पावडर विकत घ्यायची तर लेबल वाचून घ्या. कुणीतरी जिममध्ये डब्यातून सुटी काढून दिलेली अजिबात नको. उत्तेजक चाचणीत सापडलं तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

प्र. डोक्याला मार बसून काही होईल का? आई ऐकतच नाही.

आईचं म्हणणं ऐकून घ्या, ती बरोबर प्रश्न विचारते आहे. जड वजनात ठोशामागे जास्त वस्तुमान असतं, आणि एकाच ठोशात लढत संपण्याची शक्यता इथे सगळ्यांत जास्त. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते. आत मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. 2013 पासून वरिष्ठ पुरुष हेडगार्डशिवाय लढतात, ज्युनिअर पोरं आणि महिला घालतात.

डोक्यावरच्या ठोशांमुळे नॉकआउट झाला किंवा रेफरीने लढत थांबवली तर किमान 30 दिवस रिंगबाहेर. तीन महिन्यांत असं दोनदा झालं तर 90 दिवस, वर्षात तीनदा झालं तर एक वर्ष. या काळात स्पारिंगही बंद, नुसत्या स्पर्धाच नव्हे. हे नियम मोडले जातात ते बहुतेक घरच्यांच्या आणि सरांच्या संगनमताने: "पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे, कुणाला सांगू नका." कुठल्याशा मंडळाने ठेवलेल्या हौशी लढतीत मार खाल्लेला असतो आणि त्याची नोंदच कुठे होत नाही. अशा लढतीला पोर पाठवू नका. ढाल आणि रोख बक्षीस देतात, डॉक्टर ठेवत नाहीत.

मार खाल्ल्यावर डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, झोपेतून नीट जागं होईना, तर सकाळची वाट बघायची नाही. जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच थेट न्या. सिंधुदुर्गातली माणसं गंभीर दुखण्याला गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तो रस्ता आणि वेळ आधीच ठाऊक असू द्या. आमच्याकडे सोपा नियम आहे: दारात गाडी उभी नसेल त्या दिवशी स्पारिंग नाही.

शूरपणाचीही एक मर्यादा असते. टोकियोत सतीश कुमार हनुवटी आणि डोळ्याजवळ मिळून तेरा टाके घेऊन उपांत्यपूर्व फेरीत जलोलोवसमोर उतरला आणि 0-5 ने हरला. देशाने त्याला सलाम केला, तो योग्यच. पण तो ऑलिंपिकचा सामना होता, शेजारी डॉक्टर होते. तालुक्याच्या स्पर्धेत टाके घालून कुणी उतरू नये.

प्र. निकाल कसा ठरतो?

तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती. पाच पंच, प्रत्येक जण राउंड जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला 9 किंवा कमी देतो. हेवीवेटच्या लढतीत बारा औंसाचे ग्लोव्हज. जड पोरं पहिल्या राउंडमध्ये सगळी ताकद ओततात आणि तिसऱ्यात हात खाली येतात. तिसरा राउंड ज्याचा, त्याची लढत असं बहुधा होतं.

प्र. 92 किलो भरतो. दोन किलो उतरवून 90 मध्ये लढवू का?

पाणी तोडून, जाड कपडे घालून पळवून उतरवायचं असेल तर नको. चार महिन्यांत जेवणातून उतरत असेल तर जरूर. उंची सहा फुटांच्या खाली असेल तर 90 मध्येच बरा.

प्र. आपल्या देशात हेवीवेटमध्ये कुणी मोठं झालंय का?

हरियाणाचे हवा सिंग. 1961 पासून सलग 11 वर्षं राष्ट्रीय विजेते, आणि 1966 व 1970 या दोन्ही बँकॉक आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण. निवृत्तीनंतर भिवानीत त्यांनी पोरं गोळा करून शिकवायला सुरुवात केली. पुढे ऑलिंपिक पदक आणणारा विजेंदर त्याच भिवानीचा. आमच्या दृष्टीने हे काम त्या दोन सुवर्णांपेक्षा मोठं: एका गावात एवढी पोरं जमली की जड पोरालाही जोडीदार मिळू लागला.

पंजाबचे कौर सिंग शेतकरी घरातले, सैन्यात गेल्यावर ग्लोव्हज घातलेले. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याआधी 1980 मध्ये मोहम्मद अली दिल्लीत आला तेव्हा त्याच्याशी प्रदर्शनी लढतही खेळले. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, सगळं मिळालं; तरी उतारवयात उपचारांसाठी कर्ज काढावं लागलं आणि बातम्या आल्यावर मदत पोचली. 2023 मध्ये ते गेले. पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्र. नोकरी लागेल का?

लागू शकते. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण पात्रता कुठल्या स्तरावरच्या कुठल्या कामगिरीला, हे शासन निर्णयात वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून होते, म्हणून स्पर्धेचं परिपत्रक, प्रवेशिकेची प्रत, निकालपत्रक सगळं फाईलला लावून ठेवा. दहा वर्षांनी ते कुठे मिळणार नाही.

सैन्य हा जड पोरांसाठी सगळ्यांत सरळ रस्ता. वर सांगितलेले सतीश कुमार, हवा सिंग आणि कौर सिंग तिघेही फौजीच. तिथे जेवण, प्रशिक्षक, डॉक्टर आहेत, आणि मुख्य म्हणजे देशभरातून आलेली नव्वद-शंभर किलोची पोरं एका छताखाली. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहेच. महाडच्या फौजी आंबवड्यापासून खाली सगळ्या कोकणाला लष्कर नवं नाही. घरात कुणी निवृत्त सुभेदार असतील तर आधी त्यांच्याशी बोला.

प्र. प्रोफेशनलमध्ये पैसा आहे म्हणतात. हौशी बॉक्सिंगमध्ये का अडकायचं?

क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनला मोहम्मद अलीशी लढायला लाखो डॉलर देऊ केले होते. तो गेला नाही. 1972, 1976, 1980 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन हौशीच राहिला. त्याच्या पाठीशी त्याचा देश होता. आपल्या पोराच्या पाठीशी कर्ज फेडणारा बाप आहे, तेव्हा तुलना जपून. तरीही व्यवहाराच्या बाजूने उत्तर तेच येतं. सरकारी नोकरी हौशी कामगिरीवर मिळते, आणि राज्य पातळीवरही न पोचलेल्या हेवीवेटला प्रोफेशनलमध्ये बोलावतात ते दुसऱ्याच्या खात्यात सोपा विजय जमा करायला.

प्र. "माझ्या चेडवाचा वजन 82 आसा. तिका घेतलास काय?"

घेतलाच समजा. महिलांत सर्वांत वरचा गट 80 च्या पुढचा. हवा सिंगांची नात नूपुर शेरॉन हिने 2025 मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत त्याच गटात रौप्य मिळवलं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांचे गट 75 पर्यंतच आहेत. जोडीदाराची अडचण मुलींना मुलांपेक्षा दुप्पट, तेव्हा पहिल्या वर्षापासूनच प्रवासाची तयारी ठेवा.

प्र. पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

जन्मदाखल्याची प्रत, आधार, दोन फोटो, डॉक्टरांनी रक्तदाब आणि डोळे तपासल्याचा कागद, टॉवेल, पाण्याची बाटली. ग्लोव्हज विकत घेऊ नका, तीन महिने लागणार नाहीत. नखं कापलेली हवीत. जेवून किमान दोन तास झालेले हवेत. सोलकढी पिऊन थेट दोरीवर उड्या मारणाऱ्याला फरशी स्वतःच पुसावी लागते.